सुटलेले वाचन पुन्हा जुळविताना

एकदा शिकलेले वाचन आयुष्यभर आपल्यापाशी राहते, असा आपला सर्वसाधारण समज आहे. तो अंशतः खराही आहे. अक्षरओळख टिकते, परंतु एखादे पुस्तक घेऊन तासभर स्वस्थ बसण्याची सवय मात्र न वापरलेल्या पायवाटेप्रमाणे हळूहळू गवताखाली जाते. विद्यार्थिदशेत कादंबऱ्यांमागून कादंबऱ्या संपविणारा मनुष्य नोकरीची दहा-पंधरा वर्षे उलटल्यावर पुन्हा पुस्तक हाती घेतो. चार पाने वाचतो, पाचव्या पानावर त्याचे लक्ष उडते आणि पुस्तक उशाशी पडून राहते. ‘आता पूर्वीची गोडी राहिली नाही’ असे म्हणून तो स्वतःलाच दोष देतो.

वस्तुतः दोष गोडीचा नसतो. ज्या वेळी, ज्या जागी आणि ज्यांच्या संगतीत ती गोडी वाढली होती, ती वेळ, ती जागा आणि ती संगत सुटलेली असते. ती पुन्हा जुळविली, तर वाचनही पुन्हा जुळते. शासकीय अधिकारी, शिक्षक आणि पंचायत सदस्य यांच्या दृष्टीने हा प्रश्न केवळ हौसेचा नाही. न वाचणारा शिक्षक वर्गाला वाचनाकडे वळवू शकत नाही आणि न वाचता स्वाक्षरी करणारा सदस्य गावाच्या पैशाचे रक्षण करू शकत नाही. यास्तव या विषयाचा थोडा तपशिलाने विचार करणे उपयुक्त ठरेल.

अंबरनाथचा दीड तास

ठाणे जिल्ह्यातील अंबरनाथचे नाव निघाले, की वालधुनीच्या काठचे शिवमंदिर आठवते. शिलाहार राजा मुम्मुणी याच्या काळातील या मंदिराच्या शिलालेखात शके ९८२, म्हणजे इ. स. १०६० असा काळ नोंदलेला आहे. हजारो भाविक या मंदिरात येतात. परंतु तो लेख वाचू शकणारे अभ्यासकच काय ते असतात. वाचणारे उरले नाहीत, तर दगडावरचे अक्षरही केवळ रेघ होऊन राहते. मनुष्याच्या घरातील पुस्तकांचेही याहून निराळे होत नाही.

आजचे अंबरनाथ हे आयुध निर्माणीचे, कारखान्यांचे आणि रोज मुंबईकडे धावणाऱ्या नोकरदारांचे गाव आहे. छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनस येथून सुमारे साठ किलोमीटर अंतरावरील या स्थानकावरून उपनगरी गाडीने मुंबई गाठावयास साधारणतः दीड तास लागतो. जाऊन-येऊन तीन तास. उल्हासनगर आणि बदलापूर येथील प्रवाशांची स्थितीही जवळपास अशीच आहे. खिडकीजवळची जागा मिळाली, की घडी केलेले वर्तमानपत्र, वाचनालयातून आणलेली कादंबरी किंवा दिवाळी अंक उघडावयाचा, ही अनेकांची अनेक वर्षांची रीत होती. त्यांच्या बाबतीत घरापेक्षा गाडीच खरे वाचनगृह होते.

या रीतीला दोन धक्के बसले. पहिला धक्का हातातील मोबाइलचा. तो हळूहळू बसला. दुसरा एकाएकी बसला. मार्च २०२० मध्ये करोनाच्या साथीमुळे उपनगरी गाड्या सर्वसामान्य प्रवाशांना बंद झाल्या. १ फेब्रुवारी २०२१ पासून ठरावीक वेळांपुरती मुभा मिळाली. परंतु त्या वर्षीच्या दुसऱ्या लाटेत ती पुन्हा थांबली. १५ ऑगस्ट २०२१ पासून लसीच्या दोन मात्रा घेतलेल्यांना प्रवास करता येऊ लागला. मधल्या काळात वाचनालयांचे दरवाजेही कित्येक महिने बंद होते. ज्यांचे वाचन गाडीला बांधलेले होते, त्यांचे वाचन गाडीबरोबरच थांबले. पुढे गाड्या सुरू झाल्या, पण वाचन आपोआप सुरू झाले नाही. सवय जिच्या आधाराने उभी असते, तो आधार निघाला की ती कोसळते. आणि आधार परत आला, तरी ती पुन्हा हाताने उभी करावी लागते.

वाचन का सुटते?

प्रवासाशी ज्यांचा संबंध नाही अशांचे वाचनही सुटते. त्याची कारणे शोधली, तर चार कारणे प्रामुख्याने आढळतात.

पहिले कारण कामाच्या वाचनाचे. कार्यालयात दिवसभर टिपण्या, परिपत्रके आणि नस्त्या वाचून अधिकारी घरी येतो, तेव्हा छापील अक्षराचाच त्याला शीण आलेला असतो. शिक्षकाचे वाचन पाठ्यपुस्तक आणि उत्तरपत्रिका यांपुरते उरते. हे वाचन डोळ्यांखालून जाते. परंतु त्यात मनाचा विसावा नसतो. शिवाय नस्ती वाचताना आपण हवा तो मुद्दा शोधत पुढे सरकतो. त्याच घाईने कथा किंवा चरित्र वाचू लागलो, तर ते निरस वाटणारच.

दुसरे कारण अगदी साधे असूनही लक्षात न येणारे आहे. ते म्हणजे चाळिशी. वयाच्या चाळिशीच्या आसपास डोळ्यांतील भिंगाची लवचीकता कमी होते व जवळचे अक्षर अंधुक दिसू लागते. मनुष्य पुस्तक दूर धरून वाचतो, दिवेलागणीनंतर त्याचे डोके दुखते, पाच मिनिटांत डोळे जड होतात. हा कंटाळा आहे असे समजून तो पुस्तक बाजूस ठेवतो. प्रत्यक्षात त्याला चष्म्याची गरज असते. वाचनाची गोडी गेली असे म्हणणाऱ्या चाळिशीपुढील प्रत्येकाने प्रथम डोळे तपासून घ्यावेत, हे सर्वांत स्वस्त व सर्वांत तत्काळ फळ देणारे उपाय आहेत.

तिसरे कारण अपराधीपणाचे. अर्धवट सोडलेले जाडजूड पुस्तक समोर दिसत राहते. ते पुरे केल्याखेरीज दुसरे घेऊ नये, असे मन सांगते. परिणामी ते पुस्तक पुरे होत नाही आणि दुसरेही सुरू होत नाही. एका पुस्तकाची अडगळ सगळ्या वाचनाची वाट अडविते.

चौथे कारण जवळ पुस्तक नसण्याचे. खेड्यांत तर हेच पहिले कारण म्हणावे लागेल. वाचनालय दूर, त्याची वेळ कामाच्या वेळेशी न जुळणारी आणि घरात पंचांगाशिवाय छापील पान नाही, अशा स्थितीत वाचनाची इच्छा असली तरी ती विरून जाते.

साक्षरतेचा धडा

वाचन सुटण्याचा प्रश्न महाराष्ट्राला नवा नाही. १९५९ साली सातारा जिल्ह्यात ग्रामशिक्षण मोहीम सुरू झाली आणि पुढे ती राज्यात इतरत्र पसरली. गावातील शिकलेल्यांनी न शिकलेल्यांना शिकवावे, सारे गाव साक्षर झाले की ग्रामगौरव समारंभ करावा, अशी तिची धाटणी होती. प्रौढ स्त्री-पुरुष पाटी-पेन्सिल घेऊन बसले. परंतु प्रौढशिक्षणाच्या कार्यकर्त्यांना ठिकठिकाणी एक अनुभव वारंवार आला. नवसाक्षरांच्या हाती पुढे वाचावयास काही पडले नाही, तर काही वर्षांतच ते अक्षरे विसरू लागतात. म्हणूनच साक्षरतेच्या कामात अनुवर्तन कार्याला, म्हणजे शिकल्यानंतरच्या वाचनाला, शिकविण्याइतकेच महत्त्व दिले जाऊ लागले.

हा धडा आज पंचायतींना विशेष लागू पडतो. २०११ पासून महाराष्ट्रातील स्थानिक स्वराज्य संस्थांत स्त्रियांना पन्नास टक्के आरक्षण आहे. पूर्वी कधी सभेला न गेलेल्या अनेक भगिनी सदस्य आणि सरपंच झाल्या. त्यांतील कित्येकींचे शिक्षण सातवी-आठवीत थांबलेले असते आणि मधली वीस वर्षे संसारात गेलेली असतात. अशा सदस्येपुढे अंदाजपत्रक, ठराव किंवा कामाचे देयक येते, तेव्हा तिला अक्षरे येत नसतात असे नाही. परंतु लांबलचक वाक्य शेवटपर्यंत धरून ठेवण्याची सवय मोडलेली असते. मग शेजारी बसलेला कोणी सांगेल तो अर्थ आणि बोट दाखवील तेथे स्वाक्षरी, असे घडते. पुरुष सदस्यांची स्थितीही पुष्कळदा याहून वेगळी नसते. म्हणजे अधिकार कायद्याने मिळाला, पण वाचनाअभावी तो दुसऱ्याच्या हाती गेला. रोज दहा मिनिटे कोणतेही पुस्तक मोठ्याने वाचण्याचा सराव अशा सदस्याला ठरावाचा मसुदा स्वतः वाचण्याचे बळ देतो.

उल्हासनगरात हाच प्रश्न पिढ्यांच्या रूपाने दिसतो. फाळणीनंतर कल्याणजवळच्या लष्करी छावण्यांत निर्वासित सिंधी बांधवांची वसाहत झाली आणि १९४९ साली तिला उल्हासनगर हे नाव मिळाले. १९६७ मध्ये सिंधी भाषेचा घटनेच्या आठव्या अनुसूचीत समावेश झाला. भारतात सिंधीसाठी अरबी वळणाची लिपी आणि देवनागरी अशा दोन्ही लिप्या वापरल्या जातात. ज्या घरांत आजोबांची पुस्तके जुन्या लिपीत आहेत आणि नातवंडांना ती लिपी येत नाही, त्या घरांत भाषा बोलण्यात राहिली तरी कपाटातील पुस्तके मुकी होतात. वाचन तुटले, की एका माणसाचेच नव्हे, तर घराचेही नुकसान होते, ते असे.

नित्यपाठाची शिकवण

सवय कशी लागते, यावर अलीकडे शास्त्रीय अभ्यासही झाले आहेत. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमधील संशोधकांनी २०१० मध्ये प्रसिद्ध केलेल्या एका अभ्यासात ९६ व्यक्तींनी खाणे, पिणे, व्यायाम यांपैकी एखादी साधी कृती दररोज ठरावीक प्रसंगी करावयाची होती. ती अंगवळणी पडावयास सरासरीने ६६ दिवस लागले. कोणाला १८ दिवस पुरले, तर कोणाला २५४ दिवस लागतील असा अंदाज निघाला. मधला एखादा दिवस चुकला, तरी सवय जडण्यात विशेष बाधा आली नाही. हा अभ्यास वाचनाचा नव्हता. तथापि त्यातून दोन गोष्टी घेण्याजोग्या आहेत. आठ दिवसांत फळ दिसले नाही म्हणून निराश होऊ नये, आणि एक दिवस खंड पडला म्हणून सारे मोडले असे समजू नये.

परंतु सवयीचे हे मर्म आपल्याकडे पूर्वीपासून ज्ञात आहे. श्रावणात ओसरीवर चालणारे पोथीवाचन किंवा ज्ञानेश्वरीचे सात दिवसांचे पारायण आठवून पाहावे. वेळ ठरलेली असते. जागा ठरलेली असते. रोज किती वाचावयाचे, हेही ठरलेले असते. आणि वाचणाऱ्यासमोर ऐकणारे बसलेले असतात. सुमारे नऊ हजार ओव्यांचा ग्रंथ एरवी हाती घेण्यास भिणारा मनुष्यही या चार आधारांच्या बळावर तो तडीस नेतो. तेथे आज वाचावयाचे की नाही, हा प्रश्नच उद्भवत नाही. नित्यपाठ करणारा मन लागेपर्यंत थांबत नाही. तो बसतो आणि मग मन लागते.

कोणत्याही विषयाच्या वाचनाला हेच चार आधार देता येतात. कथा असो, शेतीचे पुस्तक असो वा इतिहास असो. वेळ, जागा, माप आणि संगत ही चौकट तीच.

प्रारंभ कसा करावा?

१. वेळ घड्याळाला न बांधता कामाला बांधावी. कारखान्यातील कामगाराची पाळी दर आठवड्यास बदलते. तेव्हा ‘रात्री नऊला वाचीन’ हा संकल्प टिकत नाही. ‘जेवणानंतर हात धुतले की वाचीन’ किंवा ‘सकाळच्या चहाबरोबर वाचीन’ हा संकल्प टिकतो. कारण पाळी बदलली तरी चहा आणि जेवण चुकत नाही. गाडीत बसावयास जागा मिळेलच असे नसल्याने प्रवाशांनीही आपले सारे वाचन गाडीच्या हवाली करू नये.

२. माप लहान ठेवावे. दररोज दहा पाने वाचली, तर महिन्याला तीनशे आणि वर्षाला तीन हजार सहाशे पाने होतात. दोनशे पानांची अठरा पुस्तके वर्षात वाचून होतात. ज्या दिवशी दहा पाने जमत नाहीत, त्या दिवशी एक पान वाचावे. परंतु पुस्तक उघडावे.

३. आरंभ सोप्या व आवडत्या मजकुरापासून करावा. पुष्कळ दिवसांच्या आजारानंतर मनुष्य प्रथम पेज घेतो, पुरणपोळी नव्हे. लघुकथा, प्रवासवर्णने, व्यक्तिचित्रे यांचे एकेक प्रकरण एका बैठकीत संपते आणि काही पुरे केल्याचे समाधान देते. या दृष्टीने दिवाळी अंक फार सोयीचे आहेत. १९०९ साली काशिनाथ रघुनाथ मित्र यांच्या ‘मनोरंजन’ मासिकाने ही परंपरा सुरू केली. अनेक वाचनालये थोडक्या वर्गणीत बरेच अंक आळीपाळीने वाचावयास देतात. बालभारतीचे ‘किशोर’ मासिक १९७१ पासून मुलांसाठी निघते. परंतु वाचन नव्याने सुरू करणाऱ्या प्रौढांनाही त्याची भाषा व टंक मानवतात.

४. न आवडलेले पुस्तक निःसंकोच परत करावे. वाचनालयाचे पुस्तक परत करणे हा पराभव नव्हे. पन्नास पानांपर्यंत मन रमले नाही, तर दुसरे घ्यावे.

५. मोबाइल दुसऱ्या खोलीत ठेवावा आणि पुस्तक हाताशी ठेवावे. ज्या वस्तूकडे हात आधी जातो, तिलाच वेळ मिळतो.

६. वाचलेले कोणाला तरी सांगावे. घरात जेवताना, शाळेत मधल्या सुटीत किंवा कार्यालयात चहाच्या वेळी दोन वाक्ये सांगितली, तरी पुढचे वाचण्याची ओढ लागते. वहीत पुस्तकाचे नाव व एक ओळ टिपून ठेवणे, हाही याचाच प्रकार होय.

ग्रंथालयांचा आधार

व्यक्तीने कितीही निश्चय केला, तरी पुस्तक जवळ असल्यावाचून तो निभत नाही. सुदैवाने महाराष्ट्राला ग्रंथालयांची मोठी परंपरा लाभली आहे. कल्याणचे सार्वजनिक वाचनालय १८६४ साली आणि ठाण्याचे मराठी ग्रंथसंग्रहालय १८९३ साली स्थापन झाले. बदलापुरात श्याम जोशी यांनी उभे केलेले ‘ग्रंथसखा’ वाचनालय दुर्मीळ मराठी ग्रंथ आणि नियतकालिके यांच्या संग्रहासाठी अभ्यासकांना परिचित आहे. पूर्वी ज्यासाठी पुण्या-मुंबईस जावे लागे, ते उपनगरी स्थानकाच्या परिसरात उपलब्ध होऊ शकते, हे त्यातून दिसून आले.

महाराष्ट्र सार्वजनिक ग्रंथालये अधिनियम १९६७ साली संमत झाला. मान्यताप्राप्त सार्वजनिक ग्रंथालयांना अ, ब, क, ड अशा वर्गवारीनुसार शासनाचे अनुदान मिळते व जिल्हा ग्रंथालय अधिकारी त्यांच्या कामावर देखरेख ठेवतात. कोलकाता येथील राजा राममोहन रॉय ग्रंथालय प्रतिष्ठान १९७२ पासून ग्रंथखरेदीस साहाय्य करते. सातारा जिल्ह्यातील महाबळेश्वर तालुक्यात असलेल्या भिलार गावी मे २०१७ मध्ये ‘पुस्तकांचे गाव’ साकार झाले. तेथे पुस्तके एका इमारतीत कोंडून न ठेवता गावकऱ्यांच्या घरांत व मंदिरांत विषयवार मांडण्यात आली. पुस्तक वाचकाच्या वाटेवर ठेवले पाहिजे, हेच तत्त्व त्यामागे आहे. ग्रंथालयशास्त्राचे आचार्य डॉ. शि. रा. रंगनाथन यांनी १९३१ साली मांडलेल्या पाच सूत्रांचा भरही ग्रंथ आणि वाचक यांची गाठ पडावी यावरच आहे. कपाटांची किल्ली जपणे हे ग्रंथपालाचे पहिले काम नव्हे. महिनोन्‌महिने न फिरकलेल्या सभासदाला पुन्हा बोलावून त्याच्या हाती योग्य पुस्तक देणे हे त्याचे पहिले काम होय.

शाळा, कार्यालय आणि पंचायत

या कामी मोठ्या खर्चाची आवश्यकता नाही. शाळेत दिवसाची पंधरा मिनिटे सर्वांनी, म्हणजे मुख्याध्यापक व शिक्षक यांसह, स्वतःच्या आवडीचे वाचन करावे. शिक्षक वाचताना दिसले, तरच मुले वाचतात. कार्यालयात एक लहान कपाट व नोंदवही ठेवून पुस्तकांची देवघेव सुरू करता येते. ग्रामपंचायतीच्या वाचनालयाची वेळ शेतीची आणि घरची कामे आटोपल्यानंतरची असावी. दुपारची एक वेळ खास भगिनींसाठी राखावी. मासिक सभेच्या आधी सभेची कागदपत्रे एका सदस्याने मोठ्याने वाचावीत व इतरांनी ऐकावीत. त्याने वाचनाचा सराव होतो आणि कारभारही उघड राहतो.

डॉ. ए. पी. जे. अब्दुल कलाम यांचा जन्मदिवस, १५ ऑक्टोबर, राज्यात २०१५ पासून वाचन प्रेरणा दिन म्हणून साजरा होतो. त्या दिवशी पुस्तके मांडली जातात, भाषणे होतात आणि दुसऱ्या दिवशी कपाटाला कुलूप लागते, असे पुष्कळदा घडते. हा दिवस समारंभाचा न मानता आरंभाचा मानावा. तेथून रोज दहा पाने या हिशेबाने मोजू लागल्यास डिसेंबरच्या तिसऱ्या आठवड्यात ६६ दिवस पुरे होतात. शाळेने, कार्यालयाने आणि पंचायतीने त्या सुमारास एक लहानशी बैठक घ्यावी. तीत भाषण नको. प्रत्येकाने या काळात काय वाचले तेवढेच सांगावे. ज्यांचा मध्येच खंड पडला, त्यांना रागावू नये. त्यांच्या हाती दुसरे पुस्तक द्यावे.

सुटलेले वाचन परत येते, ते मोठ्या संकल्पाने नव्हे, तर रोजच्या थोड्या पानांनी. आज जेवणानंतर हात धुतले, की जवळचे कोणतेही पुस्तक उघडावे आणि एक पान वाचावे. उद्या तेथूनच पुढे.